न चमकणारी अंगठी

वॉर्सा, ९ जून १९१३, सोमवार

आमच्या स्टुडिओच्या मालकांनी, ग्रोसमानांनी, आज नव्या चित्रपटाची गोष्ट आम्हां सगळ्यांना उभं करून वाचून दाखवली. खेड्यातली मुलगी, तिचं लग्न, नवरा अमेरिकेला जातो आणि खबरही देत नाही, बाप रडून रडून आंधळा होतो, मुलगी वीस वर्षं ना सधवा ना विधवा अशी बसून राहते, आणि शेवटी नवरा परत येतो तो नेमका स्वतःच्या मुलीच्या लग्नात. वाचताना ग्रोसमान तीनदा रडले. पूर्वी ते छत्र्या विकत. तेव्हाही पावसाचं वर्णन करताना रडत असावेत.

वाचून झाल्यावर मी विचारलं, "रात्रीची दृश्यं किती? निळा रंग मागवावा लागेल."

"दगड आहेस दगड!" ते म्हणाले. "बाप आंधळा झाला, आणि हिला निळ्या रंगाची पडलीय."

माझं काम फिल्म धुणं, वाळवणं, रंगात बुडवणं आणि कापून जोडणं. व्हिएन्नात दोन वर्षं शिकून आले आहे, तरी ग्रोसमान पाहुण्यांना सांगतात, "ही आमची धोबीण." मी दुरुस्त करत नाही.

नायिका गित्ला. माझी मावसबहीण, नोवोलिप्की रस्त्यावर आम्ही एका खोलीत राहतो. हे तिचं शेवटचं चित्र. १५ जुलैला लॉड्झच्या एलियेझर कोहेनशी तिचं लग्न आहे. त्याच्या वडिलांची अट आहे की लग्नानंतर तोंडाला रंग लावायचा नाही. गित्लाने अट आनंदाने मान्य केली. एलियेझरचं नाव निघालं की ती चहात साखर घालायची विसरते.

नायक नफ्ताली झिल्बर, थिएटरातले नट. चेहरा फिल्मवर चांगला येतो: गालाचं हाड आणि डोळ्याखालची सावली यांत पुरेसा फरक आहे. हात बोलताना स्थिर असतात, ही नटांत दुर्मिळ गोष्ट. एवढंच.

१६ जून, सोमवार

चाचणीची फिल्म धुतली. दोन दोष सापडले.

एक: लग्नाच्या दृश्यात साक्षीदार म्हणून थिएटरातले दोघे भाऊ उभे केले आहेत. त्यांच्या दाढ्यांच्या डिंकाची कड गालावर स्पष्ट दिसते. दोन: नाटक कंपनीच्या पेटीतली पितळेची अंगठी. तिच्यातला काचेचा खडा दिव्यासारखा पेटतो आणि गित्लाच्या बोटावर पांढरा डाग उमटतो. शिवाय आमच्या ज्यू लग्नात खड्याची अंगठी कुणी घालत नाही. नालेव्की रस्त्यावरच्या बायका हे पहिल्या क्षणात पकडतील.

मी दोन्ही गोष्टी ग्रोसमानांना दाखवल्या. ते खूश झाले. "बरोबर! सगळं खरं पाहिजे! खऱ्या दाढ्या आणा. खालच्या प्रार्थनाघरात झाडलोट करणाऱ्या रेब लेमेलला उभा करू. आणि तो पाणक्या आहेच."

नफ्ताली हसले. म्हणाले, "ग्रोसमानसाहेब, अंगठी, मंत्र आणि दोन साक्षीदार, एवढ्यावर लग्न खरं लागतं. म्हणून थिएटरात लग्नाला आम्ही तीन कुलपं लावतो, माहितीये ना? साक्षीला सख्खे भाऊ, कारण नात्यातल्यांची साक्ष चालत नाही. अंगठी कंपनीची, कारण नवऱ्याची स्वतःची नसेल तर लग्न लागत नाही. आणि मंत्राचे शेवटचे शब्द नवऱ्याने गिळायचे. नाहीतर रोज संध्याकाळी एकेक बायको घेऊन घरी जावं लागेल."

"गिळायचे नाहीत!" ग्रोसमान ओरडले. "आवाज नाही म्हणून काय झालं? ओठ दिसतात! आपले प्रेक्षक ओठ वाचतात. पूर्ण म्हणायचं."

"आणि रब्बी येऊन म्हणाला, लग्न खरं लागलं, तर?" नफ्तालींनी विचारलं.

"लेन्ससमोर कसला रब्बी येतोय!"

सगळे हसले. मीही, बहुतेक.

१९ जून, गुरुवार

लग्नाचं दृश्य झालं.

ग्रोसमानांनी कुठूनतरी लाल मखमलीचं जुनं छत भाड्याने आणलं. चार काठ्या, कडेला विटलेली सोनेरी झालर. वरच्या काचेच्या छपरातून आलेल्या उन्हात ते उभं राहिलं आणि मला आमचं गाव आठवलं, कुझमिर. नदीकाठी प्रार्थनाघरामागच्या अंगणात असंच छत लावत. आम्ही मुली दगडी कठड्यावर ओळीने बसायचो आणि नवरीची पावलं मोजायचो, कारण ती नवऱ्याभोवती सात फेरे नीट घालते की गडबडते यावर आमच्यात बदाम लागायचे. बाबा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून ओरडायचे, "नवरीबाई, श्वास रोखा!" आणि आई मागून म्हणायची, "अहो, आजच्या दिवशी तिला सुखाने श्वास तरी घेऊ द्या."

नवरीला रडवायला ग्रोसमानांनी कुझमिरचाच म्हातारा गेत्झ्ल आणला होता. आमच्या गावच्या प्रत्येक लग्नात तोच गायचा. आता दात नाहीत. ऐकू जाणार नाही अशा चित्रासाठी त्याने पूर्ण गाणं म्हटलं: "बाळे, उद्यापासून आईच्या अंगणातली विहीर तुला पाहुणी म्हणून पाणी देईल." गित्ला खरंच रडली. रेब लेमेल रडला. कॅमेऱ्याचं हँडल फिरवणाराही रडला. त्याचा हात मंदावला. त्यामुळे पडद्यावर रडणं भराभर होणार आहे. माझे डोळे चुरचुरले, पण सकाळी मी आम्लाच्या बाटल्या भरल्या होत्या.

मग अंगठीची आठवण झाली. कुणी आणलीच नव्हती. साधी, बिनखड्याची, जुनी हवी. ऊन स्टुडिओच्या खांबापर्यंत सरकलं होतं. आईची अंगठी माझ्या गळ्यात दोऱ्यात असते. एका बाजूने झिजलेली, कारण आई ती फक्त शुक्रवारी कणीक मळताना काढायची, मिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवायची. एरवी भांडी, कपडे, मी, सगळं तिने त्या अंगठीनिशीच घासलं.

मी दोरा तोडला आणि नफ्तालींना म्हटलं, "ही घ्या. ही चमकणार नाही."

ते अंगठीकडे बघत राहिले. "ही तुमच्या आईची ना?"

"उजेड चाललाय," मी म्हटलं.

मी त्या खांबापाशी, कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, जाऊन उभी राहिले. तिथून सावली कुठवर आली ते दिसतं. नफ्तालींनी गित्लाच्या बोटात अंगठी घातली आणि मंत्र पूर्ण म्हटला, "या अंगठीने तू मला वाहिलेली आहेस" पासून "मोशेच्या आणि इस्राएलच्या नियमाप्रमाणे" इथपर्यंत, एकही शब्द न गिळता. आवाज खालचा होता, पण खांबापाशी स्पष्ट ऐकू आला.

२० जून, शुक्रवार

धुतली. घनता, म्हणजे फिल्मवरच्या काळ्याची दाटी, चांगली. अंगठी गडद, मऊ रेघेसारखी दिसते, डाग नाही. दाढ्या उत्तम.

एक दोष. मंत्र म्हणताना नवरा नवरीकडे बघत नाही. त्याची नजर लेन्सच्या डावीकडे, चौकटीच्या बाहेर कुठेतरी आहे. सुरुवातीपासून शेवटच्या शब्दापर्यंत.

ग्रोसमान कपाळाला हात लावून म्हणाले, "तिकडे काय जेवण वाढलं होतं? बायको समोर आणि हा बघतोय भिंतीकडे!"

"उजेड बघत होतो," नफ्ताली म्हणाले.

"उजेड बघायला ती धोबीण आहे ना!"

"हो," ते म्हणाले. "ती आहे."

छत परत गेलं आहे, पुन्हा घेता येणार नाही. मी तेवढा भाग कापून मध्ये गित्लाचा चेहरा टाकायचा असं ठरलं.

दुपारी नफ्ताली लाल दिव्याच्या खोलीच्या दाराशी आले. "अंगठी," म्हणाले आणि तळहात पुढे केला.

माझे हात रसायनात होते. मी म्हटलं, "राहू द्या तुमच्याकडे. अजून एखादं दृश्य लागेल."

"कोणतं?"

"ग्रोसमानांना विचारा."

त्यांनी ती वेस्टकोटाच्या खिशात ठेवली. दृश्य लागणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तसं का म्हटलं ते सांगता येत नाही. हात ओले होते.

२७ जून, शुक्रवार

नफ्ताली या आठवड्यात रोज आले. आपलं काम संपलेला नट प्रयोगशाळेत का येतो, याचं कारण ते दरवेळी नवीन सांगतात. परवा टोपी विसरली होती. काल पाऊस होता. आज खसखशीच्या वड्या होत्या. बहिणीने जास्त केल्या म्हणे.

निगेटिव्ह वाचायला ते पटकन शिकले. आज ओली पट्टी उजेडात धरून म्हणाले, "इथे सगळं उलटं. काळ्या चेहऱ्यांची माणसं, पांढऱ्या सावल्या. तुम्हांला माणसं आधी अशी दिसतात, मग खरी?"

"मला आधी घनता दिसते."

"आणि माझी घनता कशी आहे?"

"पुरेशी."

ते इतके हसले की पट्टी हातातून सुटणार होती. मी रागावले. ज्वालाग्राही पदार्थाशेजारी हसण्याबद्दल नियम नाही, पण असायला हवा.

खोलीवर आल्यावर गित्लाने वड्या पाहिल्या. "डोब्रे, कुणी दिल्या गं?"

"झिल्बरांनी. बहिणीने जास्त केल्या होत्या."

"त्याला बहीण नाहीये."

"मग चुलत असेल."

गित्ला माझ्याकडे बघत तीन वड्या खाऊन बसली. "तू ना," तोंडात घास असताना म्हणाली, "तुझ्या त्या व्हिएन्नाच्या शाळेने तुला सगळं शिकवलं."

सुरातून ही स्तुती वाटली नाही.

३ जुलै, गुरुवार

रेब लेमेल रब्बींकडे गेला.

सकाळी तो अंगण झाडता झाडता थांबला आणि ग्रोसमानांना अडवून म्हणाला, "दोन आठवडे झाले, झोप नाही मला. मी एक लग्न पाहिलंय. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. आणि आता ती पोरगी दुसऱ्याशी लग्न करायला निघालीय!"

"अहो रेब लेमेल, ते चित्र होतं!"

"चित्र तुमचं. कान माझे. म्हातारा असेन, बहिरा नाही."

"तुम्हांला त्याचे पैसे दिले की नाही?"

"उभं राहायचे दिले. न ऐकायचे नाही दिले."

रब्बींनी निरोप धाडला आहे: हा प्रश्न सुटेपर्यंत गित्लाचं लग्न लागणार नाही. पुढच्या गुरुवारी सगळ्यांनी यावं.

मला वाटलं हा विनोद आहे. नफ्तालींचा चेहरा पाहिला तेव्हा वाटलं नाही. तिन्ही कुलपं उघडी होती. त्यांतली दोन मी उघडली.

४ जुलै, शुक्रवार

मी गित्लाला म्हटलं, एवढं काय, शंकाच असेल तर नफ्ताली फारकत लिहून देतील. एका कागदाचं काम. ते आज स्वतः आले, म्हणाले, आत्ता देतो, जिथे म्हणाल तिथे देतो.

गित्ला पलंगावर बसली होती, हातात लग्नाच्या पोशाखाची बाही. म्हणाली, "डोब्रे, तुला काहीच कसं कळत नाही? तो कोहेन आहे."

मला खरंच आठवलं नव्हतं. कोहेन म्हणजे जुन्या मंदिराच्या पुरोहितांचे वंशज. त्यांना फारकत झालेल्या बाईशी लग्न करता येत नाही. नुसती शंका म्हणून लिहिलेली फारकतही त्यांना चालत नाही. म्हणजे औषध घेतलं तरी मरण, नाही घेतलं तरी मरण. उपाय एकच: ते लग्न मुळात लागलंच नव्हतं असं ठरायला हवं.

"रब्बींना ते चित्र दाखव ना," गित्ला रडत म्हणाली. "तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता! तूच म्हणालीस. कुठे बघत होता तो?"

"उजेडाकडे."

"तू कुठे उभी होतीस?"

"खांबापाशी. सावली बघत होते."

ती रडायची थांबली. मग हळूच म्हणाली, "अगं वेडे," आणि पुन्हा रडायला लागली; पण या वेळी कशासाठी ते मला समजलं नाही.

लहानपणी कुझमिरला आम्ही दोघी पडदा अंगावर घेऊन लग्न-लग्न खेळायचो. नेहमी तीच नवरी. मी फोटो काढायची, बिस्किटाच्या रिकाम्या डब्याने. आई म्हणायची, "डोब्रे, एकदा तरी तू हो की नवरी." मी म्हणायची, मग फोटो कोण काढणार? हे उत्तर मला तेव्हा बिनतोड वाटे.

१० जुलै, गुरुवार

रब्बींची खोली लहान, खिडकीत लोणच्याच्या बरण्या. गित्ला, नफ्ताली, ग्रोसमान, रेब लेमेल, पाणक्या आणि मी. रब्बी थकलेले दिसले. चहाचा ग्लास समोर निवत होता. चित्राबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्यात आवाज येतो?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग मला त्याचा उपयोग नाही."

आधी रेब लेमेलने शब्द अन् शब्द सांगितला. पाणक्याने मान हलवली.

मग नफ्ताली. "रब्बी, मी नाटक करत होतो. माझ्या मनात लग्नाचा विचारच नव्हता."

रब्बी म्हणाले, "मनातलं ते मनातलं. त्याचा हिशेब वरचा करेल. मी माणसाने तोंडाने काय म्हटलं ते धरतो. उद्या कुणीही लग्न करून म्हणेल, मनात नव्हतं. मग आमच्या मुलींनी काय करायचं? पूर्ण म्हटलंस?"

"पूर्ण."

"तिच्या बोटात घातलीस?"

"घातली."

गित्लाने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"अंगठी कुणाची?"

ग्रोसमान म्हणाले, "आमच्या धोबिणीची, म्हणजे या मुलीची—"

"माझी," नफ्ताली म्हणाले. ते जमिनीकडे बघत होते. "मला खोटं बोलता येणार नाही, रब्बी. मला वाटलं ती मला दिली. नंतर मी परत करायला गेलो, तेव्हाही त्या म्हणाल्या, राहू द्या तुमच्याकडे. मी ती दिलेली म्हणूनच ठेवलीय. रोज."

रब्बी माझ्याकडे वळले. "पोरी, नीट सांग. तू भेट दिलीस की वापरायला दिलीस? भेट दिली असशील तर अंगठी याची झाली, आणि मग मला वाट दिसत नाही."

नफ्तालींनी मान वर केली. गेल्या महिन्याभरात मी त्यांचा चेहरा इतक्या वेळा इतका मोठा करून पाहिला आहे, तरी हा चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. गित्लाची नखं माझ्या तळहातात होती.

मी म्हटलं, "माझ्या मनात—"

रब्बींनी हात वर केला. "मनातलं विचारलं नाही. म्हणालीस काय?"

"म्हणाले, 'ही घ्या. ही चमकणार नाही.'"

"एवढंच?"

"आणि 'उजेड चाललाय.'"

"एवढंच होतं, रब्बी," रेब लेमेल म्हणाला. "मी शेजारी उभा होतो. मला वाटलं, काय कोरडी पोरगी आहे. आईची अंगठी देते आणि दोन शब्द बोलत नाही."

"आणि नंतर, 'राहू द्या' का म्हणालीस?"

"म्हणाले, अजून एखादं दृश्य लागेल."

रब्बींनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "चित्रासाठी दिली, चित्रासाठी राहिली. 'भेट' हा शब्द नाही, 'तुमची' हा शब्द नाही. वापरायला दिलेली वस्तू. अंगठी त्याची नव्हती, म्हणून लग्न नव्हतं. फारकतीची गरज नाही. गित्ला, जा, तुझं लग्न मंगळवारी." आणि निवलेला चहा एका दमात पिऊन टाकला.

गित्ला किंचाळली आणि माझ्या गळ्यात पडली. ग्रोसमान रडले. रेब लेमेल सगळ्यांत जास्त रडला. त्यालाच लग्नाचं आमंत्रण मिळालं.

नफ्तालींनी वेस्टकोटाच्या खिशातून अंगठी काढून टेबलावर ठेवली. "मग ही त्यांची," ते म्हणाले, आणि टोपी घेऊन गेले. या वेळी टोपी विसरली नाही.

योग्य तोच निकाल लागला. मी जे म्हणाले ते अक्षरशः खरं होतं. मी काय सांगणार होते, ते इथे नोंदवण्याचं कारण नाही.

१६ जुलै, बुधवार

काल लॉड्झला गित्लाचं लग्न लागलं. एलियेझरचा आवाज मंत्र म्हणताना फुटला, दोनदा म्हणावा लागला. त्याचे वडील कठोर दिसतात, पण नाचताना त्यांचा एक बूट निसटला आणि ते तसेच नाचत राहिले. गित्लाचा चेहरा मी वर्णन करत नाही. कॅमेरा नव्हता, याचं पहिल्यांदा वाईट वाटलं नाही.

बाबा कुझमिरहून आले होते. केस सगळे पांढरे झालेत, बोटं अजून औषधाने काळी आहेत. जेवताना त्यांनी माझ्या गळ्यातला नवा दोरा पाहिला.

"गित्लाने सगळं सांगितलं मला," म्हणाले.

"निकाल बरोबर लागला, बाबा."

"लागला ना. निकालाबद्दल कोण बोलतंय." वेणीसारख्या गुंफलेल्या पावाचा तुकडा मिठात बुडवत ते म्हणाले, "तुझी आई लग्नाआधी माझ्या दुकानात अकरा वेळा फोटो काढायला आली. अकरा! मला वाटायचं, काय हौशी मुलगी आहे. मी प्रत्येक वेळी मान सरळ करायला सांगायचो. बाराव्यांदा आली आणि म्हणाली, 'आता पैसे संपले माझे, तुम्हीच काय ते बोला.'"

मी हसले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुला माहीत आहे," बाबा म्हणाले, "फोटोची काच औषधात जास्त वेळ राहिली की काय होतं."

"काळी पडते. सगळा तपशील जातो."

"व्हिएन्नात शिकवलं वाटतं," म्हणाले, आणि माझ्या ताटात मासा वाढला.

२१ जुलै, सोमवार

ग्रोसमानांना शुक्रवारपर्यंत पूर्ण चित्र हवं आहे. आज लग्नाचं दृश्य जोडायला घेतलं. नवऱ्याची चुकीची नजर कापायची, मध्ये गित्लाचा चेहरा टाकायचा.

सकाळी ग्रोसमान सांगून गेले, "झिल्बर आज दुपारच्या गाडीने ओडेसाला चाललाय, नाटक मंडळीबरोबर. वर्षभर तरी येत नाही. त्याच्या पेट्या इथेच पडल्या होत्या, खाली त्या बांधतायत. मूर्ख माणूस! पुढच्या चित्रात मी त्याला बाप केलं असतं."

कापण्याआधी मला दोषाचं नेमकं कारण हवं होतं. उजेड बघत होतो, असं ते म्हणाले होते. मी त्या दिवशीच्या दृश्याचा नकाशा काढला: छत, लेन्स, खिडक्या, खांब. चित्रातल्या डोळ्यांवरून नजरेची दिशा काढता येते, त्याला फार भूमिती लागत नाही. पट्टी ठेवून रेघ ओढली. रेघ खिडकीकडे जात नाही. छपराकडेही नाही. ती खांबाकडे जाते.

मी पुन्हा मोजलं. रेघ खांबाकडेच जाते. त्या वेळी खांबापाशी मी उभी होते. दुसरं कुणी नव्हतं.

मग मी ती पट्टी दिव्यासमोर धरून एकेक चित्र पाहिलं. ओठांवरून शब्द कळतात. ग्रोसमान म्हणाले ते बरोबर होतं. तू मला, मोशेच्या, इस्राएलच्या. सगळे शब्द तिथे आहेत आणि सगळे डावीकडे जातात.

कात्री ठेवून दिली. तो भाग तसाच जोडला. ग्रोसमान ओरडतील. नालेव्कीच्या बायकांना काय समजायचं ते समजेल. त्या नेहमी माझ्याआधी समजतात.

उद्या उपास, आणि उद्यापासून तीन आठवडे आमच्यात लग्नं लागत नाहीत. देणं-घेणं मात्र चालतं. रब्बी म्हणाले होते, अंगठी नवऱ्याची स्वतःची हवी. म्हणजे आधी कुणीतरी त्याला ती द्यायला हवी. तोंडाने, स्पष्ट.

खाली अंगणात गाडीवर पेट्या चढतायत. नफ्तालींचा आवाज येतो आहे. दोरी घट्ट बांधा म्हणतायत. रेब लेमेल प्रार्थनाघराच्या दाराशी झाडतो आहे. त्याचे कान चांगले आहेत.

दोरा गळ्यातून काढला आहे. काय म्हणायचं ते ठरलं आहे. ते इथे लिहीत नाही. इथे लिहिलं तर पुन्हा मनातलंच राहील.